आठ महिने पाठीवर पॅराशूट: वापरानंतरचा अनुभव

गेले आठ महिने मी माझ्या दोन आसनी, वेगवान विमानात पाठीवर बांधायचं आपत्कालीन पॅराशूट घालूनच उडतोय. हवाई कसरती, शेजारी-शेजारी उडण्याचा सराव किंवा नव्या विमानाची चाचणी असेल तर ते घालायलाच हवं, असं माझं ठाम मत झालंय. पण नुसतं घालून भागत नाही.

वजन सातेक किलो. आसनाची पाठीमागची उशी काढावी लागली, तरी मी चार बोटं पुढे सरकलोच आणि पायाखालचे पॅडल पुन्हा जुळवून घेतले. सुरुवातीला खांदे भरून यायचे, आता जाणवतही नाही. घाम मात्र भरपूर येतो. ओल आणि ऊन दोन्ही नायलॉनला बाधतात, म्हणून उड्डाणानंतर ते विमानात पडू देत नाही.

खरा धक्का बसला तो जमिनीवरच्या सरावात. मित्र घड्याळ घेऊन उभा होता. तो "बाहेर!" म्हणाला, मी कॅनोपी (डोक्यावरचं पारदर्शक झाकण) मागे सरकवली, आसनाचा पट्टा सोडला आणि त्याच झपाट्यात छातीवरचं बकलही सोडलं. म्हणजे पॅराशूट आसनावरच राहिलं असतं! रोज उतरताना बसल्या जागी ते सोडायची सवय हाताला लागली होती. त्या दिवसापासून मी ते घालूनच खाली उतरतो आणि जमिनीवर पाय टेकल्यावरच सोडतो. हेडसेटची वायरही तेव्हाच गळ्यात अडकली होती. आता दर महिन्याला हा सराव करतो.

सहा महिन्यांनी पॅराशूट उघडून नव्याने घडी घालायला दिलं (अमेरिकेत नायलॉनच्या पॅराशूटच्या घडीला १८० दिवसांची मुदत आहे). घडी घालणाऱ्याला विनंती करून ते उघडायचं हँडल मीच ओढलं. वाटलं होतं त्यापेक्षा बराच जोर लागला, दोन्ही हात लावावे लागले. पट्टे सैल असले की हँडल जागचं सरकतं, हेही तिथेच कळलं. १९२२ मध्ये अमेरिकेत डेटनजवळ चाचणी वैमानिक हॅरोल्ड हॅरिस यांनी मोडकळीला आलेल्या विमानातून उडी घेतली, तेव्हा तेही आधी हँडल समजून पायाच्या पट्ट्याचं कडं ओढत होते. जीव वाचला, कारण उंची हाताशी होती.

उंचीचा प्रश्न सगळ्यात मोठा. जमिनीपासून ३,००० फुटांवर गिरकी थांबली नसेल तर विमान सोडायचं, हे मी उडण्याआधीच ठरवून ठेवतो. टेकऑफनंतर लगेच इंजिन बंद पडलं तर या पॅराशूटचा काही उपयोग नाही, तिथे विमान उतरवणं हाच मार्ग. सिरस या कंपनीच्या छोट्या विमानांत अख्ख्या विमानालाच पॅराशूट असतं, तिथे दार उघडून बाहेर पडायची वेळच येत नाही. कॅनोपी पुढे बिजागरीवर असेल तर वारा ती दाबून धरतो. ती हवेत सुटी करता येत नसेल, तर पॅराशूट घेण्याआधी त्याचा बंदोबस्त करा.

अमेरिकी नियमानुसार सोबत प्रवासी असताना ६० अंशांपेक्षा जास्त कलंडायचं किंवा नाक ३० अंशांपलीकडे वरखाली करायचं असेल, तर सगळ्यांना पॅराशूट सक्तीचं आहे. एकट्या वैमानिकाला सूट आहे, आणि ती मला मुळीच पटत नाही.

मागच्या आसनासाठीही आता दुसरं घेतलंय. सोबत्याला ते घालून दोनदा बाहेर उतरायला लावल्याशिवाय मी इंजिन सुरू करत नाही.