घाट, हायवे आणि पावसाळा: साताऱ्यात स्पोर्ट बाईकला कोणता टायर घ्यावा?

अपाचे आरआर ३१० असो, केटीएम आरसी ३९० असो की ३९० ड्यूक, टायरचं माप एकच: पुढे ११०/७०, मागे १५०/६० (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या टक्क्यांत), दोन्ही १७ इंची. जुने टायर गोटा झाले की या मापात तीन वाटा उरतात. पिरेली डायब्लो रोसो ४ हा निखळ स्पोर्ट टायर. मिशलिन रोड ५ हा स्पोर्ट-टूरिंग, म्हणजे वळणं आणि लांबचा प्रवास दोन्हींसाठीचा. आणि एमआरएफ स्टील ब्रेस किंवा अपोलो अल्फा एच१ हे आपले देशी रेडियल (आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेले टायर). माझं मत आधीच सांगून टाकतो: सातारकराने टायर पावसाळा डोळ्यासमोर ठेवून घ्यावा, उन्हाळ्यात तो चालतोच.

रोसो ४ च्या मागच्या टायरला मधल्या भागात खाचा आहेत, कडेला मात्र जवळजवळ कोरं रबर. गाडी झोपवली की ते सगळं रबर रस्त्याला लागतं. वाईहून पाचगणीला चढताना, कोरड्या पसरणी घाटात, हा टायर जो भरवसा देतो तो बाकीच्यांत नाही. पण रबर मऊ, त्यामुळे झिजही लवकर. त्यातून घाट गाठायलाही हायवे तुडवावा लागतो, म्हणजे झिजतो तो नेमका मधला भाग. नोकरीसाठी पुण्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर नेहमी ये-जा करणाऱ्याच्या गाडीच्या मागच्या टायरवर हात फिरवून बघा: मध्ये सपाट पट्टा आणि दोन्ही बाजूंना बोटाला लागणारी कड. अशी गाडी यवतेश्वर घाटातल्या वळणावर आधी झुकायलाच तयार होत नाही आणि ती कड ओलांडली की एकदम कलंडते. ज्याचे जास्तीचे पैसे मोजले ते कडेचं रबर तसंच शिल्लक राहतं. रोजच्या कामाला दुसरी गाडी असेल आणि ही फक्त कोरड्या दिवसांत, घाटासाठीच बाहेर निघत असेल, तर रोसो बिनधास्त घ्या.

रोड ५ ची खरी किंमत जून ते सप्टेंबरात कळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मेढ्यावरून केळघर घाट चढताना धुकं असतं आणि वळणावर डोंगरातून वाहून आलेली लाल माती पसरलेली असते. मातीवर किंवा सांडलेल्या डिझेलवर कुठलाच टायर वाचवत नाही, तिथे वेगच कमी हवा. पण नुसत्या ओल्या, गार डांबरावर रोड ५ च्या सिलिकावाल्या रबराची पकड लवकर येते. त्याच्या बारीक चिरा वर अरुंद आणि आत रुंद आहेत. रबर झिजेल तशी चिरेची रुंद बाजू वर येते, म्हणून दुसऱ्या पावसाळ्यातही पाणी बाहेर फेकायची ताकद बरीचशी टिकते. मला हा गुण सगळ्यात मोलाचा वाटतो. टीव्हीएसने २०२० पासून आरआर ३१० ला कंपनीतूनच हा टायर दिला, तो निर्णय मला पटतो.

आता पैसा आणि उपलब्धता. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, त्यामुळे परदेशी जोडी हवी तेव्हा हातात पडेलच असं नाही. टायर संपत आल्यावर नव्हे, महिनाभर आधी चौकशी करा. वाट बघणं किंवा तेवढा खर्च शक्य नसेल, रोजची धाव एमआयडीसीपर्यंतच असेल, तर स्टील ब्रेस घ्या. ओल्यात तो रोड ५ ची बरोबरी करत नाही, पण खर्च बराच कमी आणि मिळायलाही सोपा.

दुकानात कोणी म्हणालं, “एक साईज मोठा टाका, गाडी भारी दिसेल,” तर ऐकू नका. रिम तेवढीच राहते, टायर आवळला जाऊन त्याची गोलाई बिघडते आणि गाडी वळायला जड होते. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मागच्या टायरवर ६६एच असेल तर तो ३०० किलो वजन आणि ताशी २१० किलोमीटर वेगासाठी आहे. बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण बघा, बॅलन्सिंग करून घ्या. आणि त्याच दिवशी कासला निघू नका. नव्या टायरचा पृष्ठभाग निसरडा असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर कोरेगावच्या बाजूला शांतपणे चालवा आणि गाडी हळूहळू झुकवत न्या.