गरम मुठीचा चेनसॉ घ्यावा की साधा?

चेनसॉ म्हणजे इंजिनवर चालणारी साखळीची करवत. हस्क्वर्ना कंपनीच्या मॉडेलच्या नावाशेवटी ‘जी’ किंवा स्टिल कंपनीच्या मॉडेलच्या नावाशेवटी ‘डब्ल्यू’ दिसला की समजायचं, मुठीत हीटर आहे. ही सोय मुळात स्वीडन-कॅनडाच्या बर्फात लाकूड तोडणाऱ्यांची. तरी परभणी-नांदेडकडं डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातोच. अशा वेळी उजाडता उजाडता बांधावरची बाभूळ पाडायला घेतली की पुढची मूठ हातात धरवत नाही. म्हणून दोन्हींत काय घ्यावं हा प्रश्न अगदीच फुकाचा नाही.

हीटरची ऊब खरी असते, त्यात शंका नको. इंजिनच्या फ्लायव्हीलजवळचा (फिरत्या जड चाकाजवळचा) छोटा जनरेटर दोन्ही मुठींतल्या हीटरला वीज देतो. दवानं ओले झालेले हातमोजे मुठीवरच वाळतात, बोटं आखडत नाहीत. मात्र इंजिन बंद झालं की ऊब संपली, आणि आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं संथ चालू असतानाही ती कमीच. फांद्या ओढत, ओंडके लोटत काम करणाऱ्याची मशीन निम्मा वेळ बंदच असते. दहा वाजले की आपल्याकडं अंगातला स्वेटर निघतो, मग बटण दिवसभर बंद.

आता खरी गोष्ट. बोटं पांढरी पडणं, मुंग्या येणं, बधिर होणं याचं मूळ कंपनात आहे; थंडी त्यात भर घालते. हीटर थंडी कमी करतो, कंपन नाही. युरोपच्या 2002 च्या नियमात आठ तासांच्या कामासाठी हाताला बसणाऱ्या कंपनाची मर्यादा 5 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, आणि 2.5 पासूनच मालकानं उपाय सुरू करायचे असतात. चांगल्या मशीनच्या माहितीपुस्तिकेत दोन्ही मुठींचे हे आकडे दिलेले असतात. दुकानात हीटरच्या आधी ते पान उघडून बघा. स्वस्तातली 58 सीसी मशीन घेताना तर नक्कीच.

माझं मत साध्या मशीनकडं फिरलं ते एका वायरीमुळे. जनरेटर इंजिनच्या बाजूला, हीटर मुठीच्या बाजूला, आणि मधे कंपन अडवणाऱ्या स्प्रिंगा किंवा रबरी बुशांची फट. वायरीला ही फट ओलांडावीच लागते. इंजिन थरथरतं तशी ती वाकत राहते. त्यात बार ऑइल (साखळी ज्या पट्टीवर फिरते त्या बारचं तेल), भुसा आणि आपल्या काळ्या मातीची धूळ मिळून जो चिकटा होतो, त्यात तिचं वरचं आवरण घासून जातं. मग कधी ऊब येते, कधी जाते. बिघाड जनरेटरकडं असेल तर स्टार्टरचं कव्हर आणि फ्लायव्हील उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. झाड पडताना मूठ दबली आणि आतली तार तुटली, तर बऱ्याचदा आख्खी मूठच बदलावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी चेन आणि प्लग लगेच मिळतात, हा पार्ट मागवावा लागतो.

माझ्या हाताला तरी पातळ लोकरी मोजा आणि वरून रबरी पकडीचा हातमोजा एवढं पुरतं. म्हणून साधी घेऊन वाचलेले पैसे स्प्रिंगच्या सस्पेन्शनवर, म्हणजे कंपन अडवायला रबराऐवजी स्प्रिंगा असलेल्या मशीनवर घालावेत, असं वाटतं. रबरी बुश थंडीत कडक होतात, पेट्रोल-ऑइलनं फुगतात. तपासायचं असेल तर मशीन बंद करून बारचं टोक ओंडक्यावर टेकवा आणि पुढची मूठ दाबा. ती थोडी लवली पाहिजे, पण इंजिनच्या अंगाला टेकता कामा नये. बोथट चेनही हाताला तितकाच त्रास देते: 0.325 इंच पिचच्या (चेनच्या कड्यांच्या मापाच्या) चेनला 4.8 मिमीची गोल कानस, प्रत्येक दाताला सारखे फटके.

अर्थात ज्याची बोटं आधीच पांढरी पडतात आणि ज्याला किनवटच्या सागवानात रोज भल्या पहाटे उभं राहावं लागतं, त्यानं हीटरवालीच घ्यावी. त्याला माझं गणित लागू नाही. मात्र डॉक्टरला आधी दाखवावं.

घेतलीच तर एअर फिल्टर साफ करताना दर वेळी ती फटही ब्रशनं मोकळी करा आणि वायर कुठं घासते का ते बघा. ऊब गेली तर आधी स्विच, मग हीटरचं कनेक्शन सोडवून दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावा. काही ओहम दाखवले तर हीटर शाबूत, काटा हललाच नाही तर आतली तार तुटली.