इन्सुलिनचं पाण्यावरचं पाऊच: रियाधला पास, रत्नागिरीत नापास

उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढून झाल्यावर लिहितोय. प्रवासात इन्सुलिन गार ठेवणारं हे पाऊच पाच-दहा मिनिटं पाण्यात बुडवायचं, आतले जेलचे दाणे फुगले की पुसायचं, इन्सुलिनची पेनं आत सरकवायची. हे खोक्यावर आहेच. तिथे नाही ते हे, की जास्त भिजवलं तर जेल इतकं फुगतं की पेन शिरतच नाही.

मे महिन्यात रत्नागिरीत याला एकच तारा दिला असता. पाऊच चालतं बाष्पीभवनावर, आणि आपल्याकडची हवा आधीच ओली. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर हिशेबाने पारा फार तर २८ पर्यंत उतरतो. घाटावरचा माठ इकडे आणल्यावर पाणी गार होत नाही, तोच प्रकार. वापरातल्या बहुतेक इन्सुलिनला ३० अंशांखाली २८ दिवस चालतं, म्हणजे जेमतेम वाचलं. सॅकमध्ये कपड्यांखाली कोंबलं तर तेही नाही, बाहेरून वारा लागलाच पाहिजे.

रियाधच्या कोरड्या हवेत मात्र मत बदलावं लागलं. ४२ अंश, २० टक्के आर्द्रता असताना तोच हिशेब २४ वर येतो. बर्फ नको, हॉटेलचा फ्रीज नको. म्हणून आता चार तारे. ऑगस्टमध्ये दुबई-मस्कतला जाणाऱ्यांनी मात्र भुलू नये, तो किनाराच आहे, तिथेही दमट हवा.

पाचवा तारा अस्तराने घालवला. श्रावणात जेल दिवसेंदिवस वाळत नाही, कापडावर काळे ठिपके पडतात, कुबट वास सुटतो. एवढे पैसे घेऊन अस्तर सुटं करता येऊ नये? आल्याबरोबर पंख्याखाली टांगायचं, दाणे खडेमिठाएवढे होईपर्यंत. ओलं कपाटात गेलं की संपलं.

घर ते मुंबई विमानतळ या टप्प्याला, विशेषतः कोकण रेल्वेच्या स्लीपर डब्यात, रुंद तोंडाचा साधा थर्मास बरा. आइस पॅक सुती नॅपकिनमध्ये गुंडाळा, पेनाला टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचं असतं. चेक-इन बॅगेत ठेवू नका, तेही याच कारणासाठी. हातातल्या बॅगेत सुयांसोबत डॉक्टरांचं पत्र हवं, त्यात ब्रँड नव्हे तर औषधाचं मूळ नाव, कारण परदेशात ब्रँड बदलतो.

इन्सुलिन नासलं तर प्रवासविमा भरून देईल, असं समजू नका. आधीपासूनच्या आजारासाठी बहुतेक पॉलिसी जिवावर बेतल्यावरच, तेही प्रकृती स्थिर होईपर्यंतच पैसे देतात, आणि त्याला वेगळी, बरीच कमी मर्यादा असते. नेहमीची औषधं त्यात नाहीत. फॉर्ममध्ये मधुमेह कधीपासून, कोणती औषधं, सगळं लिहा. घाईत एजंट 'आजार: नाही' अशी खूण करून मोकळा होतो आणि दावा फेटाळला जातो तुमचा. ओटीपी देण्याआधी ते पान वाचा. दाखल होण्याआधी, निदान लगेच, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करा, नाहीतर कॅशलेस अडकतं.

पेनाऐवजी कुपी वापरणाऱ्यांनी हे नक्की वाचावं. आपल्याकडे मिळणारी बरीचशी कुपी ४० युनिटची (दर मिलिलिटरला) असते, तिची सिरिंज लाल टोपीची. परदेशात सहसा १०० युनिटचीच मिळते. ती लाल टोपीच्या सिरिंजने तेवढ्याच खुणेपर्यंत भरली तर डोस अडीचपट होतो. तिकडची कुपी घेतली की तिकडचीच सिरिंज घ्या.