एमजीबीवर १५ इंची टायर: नऊ महिने, ७,४०० किलोमीटर

आधीचे टायर दिसायला नवेकोरे होते. ट्रेड, म्हणजे रस्त्याला लागणारा नक्षीचा थर, भरपूर; साइडवॉलला एकही भेग नाही, सवलतीत मिळाले म्हणून मीही खूश. पहिल्याच पावसात सिग्नलला साधा ब्रेक मारला तर पुढची दोन्ही चाकं लॉक झाली आणि गाडी सरळ घसरत गेली. घरी येऊन जॅक लावला, गाडीखाली आडवा झालो, तेव्हा उलगडा झाला. तारखेचा पूर्ण कोड बहुतेक टायरवर एकाच बाजूला असतो, आणि बसवणाऱ्याने नेमकी ती बाजू आत घेतली होती. त्यातले शेवटचे चार आकडे बघायचे: पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. माझे टायर मला मिळाले तेव्हाच सहा वर्षांचे होते. नख रोवून पाहिलं, रबर जराही दबेना. या वेळी पैसे देण्याआधी चारही टायरचे कोड स्वतः वाचले आणि त्यांचे फोटो काढून ठेवले.

गाडी १९७१ ची एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंजिन मूळ १७९८ सीसीचंच, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टवर काम केलेलं. पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलणं आवरणारा दांडा) जाड, स्प्रिंगा थोड्या बुटक्या, आणि १५ बाय ६ इंचांची अलॉय रिम. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही. वजन टनाच्या आसपास. टायरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तेच मॉडेल तुमच्या साइजमध्ये निघेलच असं नाही, आणि जुन्या गाडीत खरी अडचण साइजचीच असते.

कंपनीतून आलेला टायर होता १६५ एसआर १४. यात १६५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, १४ म्हणजे इंचात रिम. साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के, हा आकडा अशा जुन्या साइजमध्ये लिहिलेला नसतो, तो साधारण ८२ टक्के धरायचा. म्हणजे चाकाचा व्यास जवळपास ६२६ मिलिमीटर. १५ इंची रिम घेतल्यावर सगळ्यांत मोह पडतो तो १९५/५०चा (रुंदी १९५, उंची तिच्या ५० टक्के), कारण परफॉर्मन्स टायर याच साइजमध्ये ढिगाने मिळतात. पण त्याचा व्यास ५७६. स्पीडोमीटर बरोबर असेल तर खऱ्या ९० ला काटा ९८ दाखवणार, हायवेवर इंजिन विनाकारण ओरडत राहणार, आणि मडगार्डमध्ये चाक असं दिसणार की धाकट्याने थोरल्याचा शर्ट घातलाय. मी १९५/६० घेतला, व्यास ६१५. फरक दोन टक्क्यांच्या आत. तोटा एकच, पण मोठा: या साइजमध्ये बहुतेक टायर साध्या फॅमिली गाड्यांचे असतात. निवडायला माझ्यापुढे उरले तीन. एक २०० ट्रेडवेअरचा (टायर किती टिकेल याचा आकडा, मोठा म्हणजे जास्त टिकाऊ), ट्रॅकवरच्या लोकांचा लाडका आणि सर्वांत महाग. एक ५०० च्या वरचा टूरिंग, म्हणजे लांबच्या आरामशीर प्रवासाचा. आणि मधला ३४०, जो मी घेतला.

या ट्रेडवेअरच्या आकड्यावर लोक तावातावाने भांडतात, म्हणून दोन शब्द. तो १०० च्या संदर्भ टायरशी तुलना करून काढतात, पण आकडा ठरवतो टायर बनवणाराच. एकाचे ३४० आणि दुसऱ्याचे ३४० सारखेच टिकतील असं धरून चालू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत निवडायचं असेल तर आकडा कामाचा. टायरवर त्याच्या शेजारी असलेलं ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीच्या श्रेणीचं, अक्षरही असंच फसवं. ते फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारल्यावरचं आहे. वळणातल्या पकडीबद्दल ते काही बोलत नाही.

२०० वाला का सोडला? पैसा हे एक कारण आहेच. पण मित्राच्या एमजीबीवर तेच टायर आहेत आणि एका गार सकाळी ती गाडी मी चालवली. पहिले वीस मिनिट टायर लाकडाचे वाटले. त्या रबराला ऊब लागते, आणि टनभर वजनाची गाडी रस्त्यावर सभ्यपणे चालवताना ती ऊब यायची कुठून? तापल्यावर पकड जबरदस्त, यात वाद नाही. पण सुटतो तेव्हा तो आगाऊ सूचना न देता सुटतो. माझा ३४० वाला आधी कुरकुरतो, मग हलकेच सरकतो, आणि स्टीअरिंग किंचित सोडलं की परत धरतो. जुन्या पद्धतीचे लिव्हर-आर्म शॉकॲब्सॉर्बर आणि पन्नास वर्षांच्या सांगाड्याला हा स्वभाव जास्त मानवतो. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशना विचारलं तर तेही हेच सांगतील.

पहिले दोनशे किलोमीटर जपून. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या लेपाचा अंश राहतो, तो जाईपर्यंत पकड येत नाही.

खरी डोकेदुखी पुढेच होती. तिसऱ्या दिवशी दोघं बसून निघालो तर मोठ्या वळणावर मागून खर्रकन आवाज आणि जळक्या रबराचा वास. माझ्या गाडीत मागची डावी बाजू उजवीपेक्षा अरुंद आहे, म्हणजे ॲक्सल नेमका मध्यावर नाही. मडगार्डच्या आतल्या ओठावर एक पट्टा आरशासारखा चकाकत होता. मुलांची खेळायची माती आणून त्या ओठावर लांबट वळ्या चिकटवल्या, मागे सामान भरलं आणि चक्कर मारली. एका जागी माती कागदाइतकी चपटी झाली होती. ओठ तेवढ्याच भागात आत वळवून घेतला, तेव्हापासून आवाज नाही. रिम घेण्याआधी हे करायला हवं होतं.

हवेचं प्रकरण वेगळंच. टायरवाल्याने सवयीने चारही चाकांत ३५ पीएसआय भरली. गाडी प्रत्येक जोडावर उड्या मारायला लागली आणि वळणात पुढचं टोक बाहेर जायला लागलं. या टायरचा लोड इंडेक्स ८८ आहे, म्हणजे एकेक टायर ५६० किलो पेलू शकतो. माझ्या गाडीचं एक चाक त्याच्या निम्मंही वजन घेत नाही, मग एवढी हवा कशाला? मॅन्युअलमधला आकडाही उपयोगाचा नाही, तो मूळ अरुंद टायरचा. शेवटी जुना उपाय केला: ट्रेडवर आडवी खडूची रेघ मारायची, सरळ रस्त्यावर थोडं जाऊन यायचं आणि रेघ कुठे पुसली ते पाहायचं. मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. पाच-सहा फेऱ्यांनंतर पुढे २६, मागे २८ वर थांबलो. हे थंड टायरचे आकडे, सकाळी गाडी काढण्याआधीचे.

पार्किंग करताना स्टीअरिंग जड होतं, खोटं कशाला बोलू. एमजीबीला कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस मागे किती झुकलाय तो कोन) मुळातच सात अंश, त्यात तीस मिलिमीटर रुंद टायर. गाडी जरा पुढे-मागे सरकत ठेवून स्टीअरिंग फिरवायची सवय लागली. कॅस्टर कमी करायला क्रॉसमेंबरखाली (पुढचं सस्पेन्शन धरणारी आडवी तुळई) पाचर बसवणारे आहेत, मी अजून त्या वाटेला गेलो नाही.

गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की पहिले काही किलोमीटर चाक चौकोनी असल्यासारखं धडधडतं. टायर तापला की आपोआप जातं. पहिल्यांदा मी उगाच बॅलन्सिंग पुन्हा करून घेतलं.

झीज: नवा टायर ८ मिलिमीटर, आता पुढे मधे ६.३ आणि बाहेरच्या कडेला ५.६. मागचे सारखे झिजलेत, ६.७. कायदेशीर मर्यादेच्या १.६ च्या खुणेपर्यंत अजून बराच पल्ला आहे, पण बाहेरची कडा माझ्या डोळ्यांत खुपते. टो, म्हणजे पुढची चाकं वरून पाहता आत-बाहेर किती वळलीत ते, दोनदा तपासला, बरोबर आहे. दोष कॅम्बरचा: या गाडीला मूळ कॅम्बर पॉझिटिव्ह, म्हणजे चाकाचा माथा बाहेर झुकलेला, आहे आणि तो बदलायची सोयच नाही. वळणात गाडी कलली की सगळा भार बाहेरच्या खांद्यावर. चाकाचा माथा आत झुकवणाऱ्या नेगेटिव्ह कॅम्बरच्या विशबोन (सस्पेन्शनच्या भुजा) मिळतात. २०० वाला न घेतल्याने जे पैसे वाचले ते तिकडेच जाणार.

डिकीत अजून मूळ १४ इंची स्टेपनी आहे. परवा तिचा कोड वाचला. तारखेचे आकडे तीनच निघाले, म्हणजे टायर २००० सालाच्याही आधीचा. तेवढी बदलायची राहिली आहे.