कडुनिंब तेल, घरचा धूप आणि मशीनची बाटली: पावसाळाभर वापरल्यानंतर

डास पळवण्यासाठी जूनपासून दिवाळीपर्यंत हे तिन्ही प्रकार वापरले. त्यातलं रोज ठेवण्यासारखं एकच, अंगाला लावायचं तेल.

100 मिली खोबरेल, 3 मिली घाण्याचं कडुनिंब तेल आणि सिट्रोनेला तेलाचे 20 थेंब, बस. कडुनिंब 5 मिलीपर्यंत वाढवलं तर फायदा फारसा वाढत नाही, वास मात्र उशीला चिकटतो. सिट्रोनेला तास-दीड तासात उडतं. पुढची राखण जड कडुनिंब तेल करतं, म्हणून नुसत्या सिट्रोनेलावर विसंबू नका. रात्री नऊला लावलं तर मध्यरात्रीपर्यंत डास फारसे बसत नाहीत. पहाटेसाठी मच्छरदाणी हवीच. कृषी केंद्रातलं '1500 पीपीएम' लिहिलेलं निमतेल मात्र घेऊ नका. ते फवारणीचं, त्यात इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळवणारं रसायन) असतो.

धुपासाठी 100 ग्रॅम कडुनिंबाच्या पानांची पूड, निर्गुडीची पूड, कोळशाची पूड आणि जिगट (कांडी बांधून ठेवणारी झाडाच्या सालीची चिकट पूड) प्रत्येकी 50 ग्रॅम. पानं सावलीतच वाळवा, कडक उन्हात वासाचं तेल उडून जातं. जिगट जास्त झाली की कांडी दगडासारखी होऊन मध्येच विझते, कमी पडली की वाळताना तडकते. ऑगस्टमध्ये करायला घेतलात तर वाळण्याआधी बुरशी धरते. मे महिन्यातच करून डबाबंद ठेवा. धूर आहे तोवर डास पांगतात, मग परत हजर. बंद खोलीत किंवा दमेकऱ्याजवळ लावू नका, धूर कडुनिंबाचा आहे हे फुप्फुसाला कळत नाही.

प्लगमध्ये लावायच्या डासांच्या मशीनच्या रिकाम्या बाटलीत कडुनिंब तेल आणि कापूर भरायचा व्हिडिओतला उपाय पूर्ण फसवा. मशीन वातीचं टोक तापवून उडणारा द्रव हवेत सोडतं. कडुनिंब तेल त्या उष्णतेला उडतच नाही. काही रात्रींत टोक काळं पडून वात तुंबते. वास येतो तो कापराचा. तान्ह्या बाळाच्या खोलीत तोही नको. तेल पातळ करायला रॉकेल घालणं तर सरळ आगीला निमंत्रण.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पायांना तेल सकाळीच लावा. त्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दुसऱ्या दिवशी खाज येते का बघा. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, कडुनिंब तेल पोटात गेल्यास विषबाधा होते.