ईसीएचएस कार्डावर ‘फुकट’ वजनाचं ऑपरेशन : माजी सैनिकांनो, आधी हे वाचा

माझं वजन १०४ किलो, उंची १७० सेंटिमीटर. गुडघे कुरकुरतात, शुगर आहे आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मशीन लावून झोपतो. सातारा जिल्ह्यात पेन्शनर फौजींना तोटा नाही आणि त्यातल्या पोट सुटलेल्यांनाही नाही. त्यामुळे वजनाच्या ऑपरेशनची दुकानदारी करणारे लोक आता तालुक्याच्या गावापर्यंत आले आहेत. त्यांनी मला एक लाख पंधरा हजारांना बुडवलं. कसं, ते तपशिलात सांगतो.

मंगल कार्यालयाबाहेर बॅनर होता. तिरंगा, हाताची घडी घातलेल्या सर्जनचा फोटो आणि ‘माजी सैनिक व वीरपत्नींसाठी मोफत लठ्ठपणा तपासणी, ईसीएचएस कॅशलेस’. ईसीएचएस म्हणजे आम्हा माजी सैनिकांची सरकारी आरोग्य योजना. आत एक चुणचुणीत पोरगा. ‘जय हिंद साहेब’ म्हणत उभा राहिला, वडील मराठा लाईट इन्फंट्रीत होते म्हणाला. स्वतःला हॉस्पिटलचा समन्वयक म्हणवत होता. खरं तर एजंट.

त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘आमचं हॉस्पिटल ईसीएचएसच्या यादीत आहे.’ हे शंभर टक्के खरं निघालं आणि सगळी मेख तिथेच होती. ईसीएचएस हॉस्पिटलशी करार करते तो विशिष्ट सेवांसाठी. हे हॉस्पिटल यादीत होतं डोळ्यांसाठी आणि हाडांसाठी. पोटाच्या शस्त्रक्रियेचा त्यात उल्लेखच नव्हता. यादी ईसीएचएसच्या संकेतस्थळावर असते, पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातही बघायला मिळते. हॉस्पिटलच्या नावाशी थांबू नका, त्याच ओळीत पुढे कोणत्या सेवा लिहिल्यात ते वाचा.

शिबिरात वजन-उंची घेतली, कार्डाची झेरॉक्स घेतली, दोन कोऱ्या फॉर्मवर सह्या मागितल्या. त्या मी दिल्या नाहीत. ‘साहेब फार कडक आहेत’ म्हणून तो हसला. मग पुण्याला बोलावलं. बॅनरवरच्या सर्जनने फाईल चाळली आणि ‘स्लीव्ह करू’ एवढंच म्हणाला. माझ्या पुढच्या बाईंनाही स्लीव्ह, मागच्या सुभेदार साहेबांनाही स्लीव्ह. बाहेर आल्यावर एजंटाने हिशोब मांडला. ४० हजार रजिस्ट्रेशन, मंजुरी आली की परत. ७५ हजार इंपोर्टेड स्टेपलरचे, कारण ‘सरकारी रेटमध्ये जो स्टेपलर बसतो तो गळतो, जीवाशी खेळ नको’. स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात आणि उरलेल्या नळीची कड स्टेपलरने बंद करतात. ती कड गळणं ही या ऑपरेशनमधली सर्वांत धास्तीची गुंतागुंत. एवढं बरोबर आहे, म्हणूनच त्या भीतीचा भाव ७५ हजार लागतो. पण जे उपचार करारात बसतात, त्यांच्यासाठी ठरलेल्या दराबाहेर कार्डधारकाकडून पैसे घ्यायचे नाहीत हे हॉस्पिटलने लिहून दिलेलं असतं. कोणी ‘डिफरन्स’ मागितला की समजावं, दाल में काला है.

पैसे यूपीआयने गेले ते हॉस्पिटलच्या खात्यावर नाही, एका बाईच्या नावावर. पावती रंगीत, गुळगुळीत कागदाची. आमच्या सौभाग्यवतींनी घरी आल्यावर चष्मा लावून ती वाचली. वर हॉस्पिटलचा लोगो, पण खाली बारीक अक्षरात ‘आहार समुपदेशन कार्यक्रम व प्रोटीन पावडर, परतावा नाही’. स्टेपलरचा शब्द कुठे नाही, ऑपरेशनचाही नाही. सोबत व्हॅनिला वासाचे दोन डबे दिले होते. तेच आमच्या एक लाख पंधरा हजारांचं फळ.

फाईल घेऊन पॉलिक्लिनिकला गेलो, कारण रेफरल तिथूनच मिळतो आणि वजनाच्या ऑपरेशनला आधी मंजुरी लागते. मेडिकल ऑफिसर मॅडमनी पहिलं पान बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘साहेब, जरा भिंतीला टेकून उभे राहा.’ फाईलमध्ये माझी उंची १६१ लिहिली होती. माझ्या डिस्चार्ज बुकमध्ये १७०. भरतीच्या मैदानात सेंटिमीटरसाठी पोरं रडताना बघितलेला माणूस मी. माझी उंची नऊ सेंटिमीटरने खाली आणायला या लोकांना एक बॉलपेन पुरलं.

का, ते मॅडमनी समजावलं. मंजुरीसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती तो आकडा, बघतात. ४० किंवा त्याहून जास्त असावा, नाहीतर ३५ च्या वर असून सोबत डायबेटीस, झोपेतला श्वासरोध असे गंभीर आजार असावेत. १६१ उंची धरली की माझा आकडा ४०.१ होतो. खरा आकडा ३६. आणि गंमत बघा, शुगर आणि श्वासाचं मशीन असल्यामुळे खऱ्या ३६ वर मी निकषात बसतच होतो! पण त्यासाठी झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट, शुगरचे जुने कागद, डाएट करूनही वजन उतरलं नाही याची नोंद, हे सगळं जोडावं लागतं. एजंटाला एवढी उसाभर कशाला हवी? त्याच्या आकड्यामुळे माझा हक्काचा अर्जच संशयास्पद झाला. फाईल परत.

हे फोनवर सांगितलं तर पठ्ठ्या डगमगला नाही. म्हणाला, ‘रात्री कॅज्युअल्टीत या, पोटात दुखतंय सांगा. इमर्जन्सी दाखवून हर्नियात बसवतो.’ इमर्जन्सीत रेफरलशिवाय ॲडमिट करता येतं आणि हॉस्पिटल ईसीएचएसला नंतर कळवतं, ही सोय हार्ट अटॅक, अपघात अशा प्रसंगांसाठी आहे. तिचा असा धंदा. उद्या कड गळली, ताप आला, नाडी १२० ला गेली आणि दुसऱ्या डॉक्टरकडे न्यावं लागलं, तर कागद म्हणणार हर्निया आणि पोटात जठर कापलेलं. शिवाय खोट्या बिलावर कार्ड माझं. मी सरळ नाही म्हटलं. त्यानंतर पैशाचा विषय काढला की फोन कट.

आता डॉक्टर निवडण्याबद्दल. नंतर मॅडमच्या रेफरलवर सर्व्हिस हॉस्पिटलच्या, म्हणजे लष्करी रुग्णालयाच्या सर्जनला दाखवलं. त्यांनी आधी विचारलं, ‘ॲसिडिटीची गोळी रोज घेता का?’ घेतो, किती वर्षांपासून. ‘छातीत जळजळतं? झोपल्यावर आंबट पाणी वर येतं?’ येतं. त्यांनी दुर्बीण घालून बघितली तर जठराचा वरचा भाग छातीच्या बाजूला सरकलेला, हायेटस हर्निया. म्हणाले, स्लीव्हनंतर अनेकांची ॲसिडिटी वाढते, तुमच्यासाठी बायपासचा (हृदयाचा नव्हे, जठराचा) विचार करावा लागेल. पुण्याच्या त्या सर्जनने मला जळजळीबद्दल एक शब्द विचारला नव्हता आणि स्लीव्ह परत फिरवता येत नाही.

सर्व्हिस हॉस्पिटलमध्ये आहारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ वेगवेगळे भेटले. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागेल, रक्त तपासत राहावं लागेल, हे कुणीतरी आधीच सांगितलं. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, तेव्हा कँटीनचा कोटा विसरा, हेही सांगितलं. (आमच्या मंडळींना हे फार आवडलं.) तुम्ही जिथे दाखवाल तिथे विचारा : ऑपरेशन नक्की कोण करणार, फोटोतला की दुसरा? रात्री आयसीयूत कोण असतं? गळती झाली तर इथेच सांभाळता की दुसरीकडे पाठवता? चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. नावापुढच्या लांबलचक अक्षरांना भुलू नका. त्यात एम. एस. ही पदवी असते आणि काही अक्षरं चार दिवसांच्या कोर्सचीही असतात.

मी लेखी तक्रार पॉलिक्लिनिकच्या ऑफिसर-इन-चार्जकडे दिली, प्रत ईसीएचएसच्या रीजनल सेंटरला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला. पैशासाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, पुण्याला खेटे नकोत. तारखा पडताहेत. हॉस्पिटलचं म्हणणं असं की तो समन्वयक आमचा माणूसच नाही. मग पावतीवर लोगो कुणाचा, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. तसली गुळगुळीत पावती तुमच्याही घरात असेल तर फेकू नका, यूपीआयच्या नोंदीसह आपल्या पॉलिक्लिनिकला नेऊन दाखवा. शिबिरात माझ्याबरोबर रांगेत बरेच जण होते.