जुनी युनियन की नवा नेता? फॉर्मवर सही करण्याआधी

वाळूज असो, चाकण असो की सातपूर-अंबड, चित्र बहुतेक सारखंच. कारखान्यात वर्षानुवर्षं एक युनियन आहे, गेटवर तिचा बोर्ड आहे, पदाधिकाऱ्यांची एचआरच्या केबिनमध्ये ऊठबस आहे. मग एक नवा नेता येतो, पहिली शिफ्ट सुटताना गेटबाहेर सभा घेतो आणि सभासदत्वाचे फॉर्म फिरू लागतात. लाइनवर शेजारी उभा राहणारा मित्र नव्याकडे गेलेला, आणि ज्याने नोकरीला चिकटवून दिलं तो गावाकडचा काका जुन्याकडे. सही दोघांनाही हवी असते.

भाषण कुणाचं चांगलं हे बाजूला ठेवा. पाहायचं ते दोनच ठिकाणी: करारावर सही कुणाची चालते आणि कंपनीची चार्जशीट हातात पडल्यावर तुमच्या शेजारी कोण बसू शकतो.

कागदावर कोण किती वजनाचा

महाराष्ट्रात हा प्रश्न 1971 च्या कामगार संघ मान्यता कायद्यावर फिरतो. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत, सलग सहा महिने किमान 30 टक्के सभासद दाखवणाऱ्या युनियनला औद्योगिक न्यायालय मान्यता देतं. कंपनीच्या आवारात नोटीस बोर्ड, पगाराच्या ठिकाणी वर्गणी गोळा करणं, कामगारांशी आवारात चर्चा, सर्वांच्या वतीने वाटाघाटी हे सगळं मान्यताप्राप्त युनियनकडे जातं.

मान्यता नसलेल्या युनियनला दोनच गोष्टी उरतात. सभासदाला कामावरून काढलं, कपातीत घातलं किंवा निलंबित केलं तर त्याच्यापुरतं व्यवस्थापनाशी बोलणं, आणि त्याच्या खातेनिहाय चौकशीत त्याच्या बाजूने बसणं. म्हणजे पगारवाढीच्या टेबलावर नवा नेता रिकाम्या हाताने आहे, पण तुमच्या चौकशीत दोघे बरोबरीचे. उलट चौकशीत नवा नेता जास्त जीव तोडून लढण्याची शक्यता असते. एक माणूस वाचवला की त्याच्या मागे दहा फॉर्म येतात. जुन्याला ती घाई नसते.

टेम्पररी किंवा बदली कामगाराने एक गोष्ट वेगळी बघावी. वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवल्याची तक्रार (कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातली सहावी बाब) आणि संप मोडण्यासाठी कायमचं काम बंद करून कंत्राटदाराला दिल्याची तक्रार (दुसरी बाब) ही मान्यताप्राप्त युनियनमार्फतच चालवावी लागते. पर्मनंट होण्याची आशा धरून नव्याकडे गेलात आणि मान्यता जुन्याकडेच राहिली, तर तुमची केस ज्याच्या हातात आहे त्यालाच तुम्ही पाठ दाखवलेली असते.

आकडा जुळतो का

समजा 600 कामगार आहेत आणि जुन्या युनियनकडे 260 सभासद. 30 टक्के म्हणजे 180, पण तेवढ्याने नव्याचं काम होत नाही. सहा महिने सलग त्याचे सभासद सर्वांत जास्त, म्हणजे 260 च्या वर असायला हवेत. शिवाय जुन्या युनियनला मान्यता मिळून दोन वर्षं झाल्याशिवाय त्याचा अर्ज चालत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेचं गणित वेगळं: 51 टक्के, म्हणजे इथे 306 सभासद असलेली युनियन एकटी वाटाघाटी करणार, तेवढे कुणाकडेच नसतील तर वाटाघाटी मंडळ, आणि त्यात प्रत्येक 20 टक्क्यांमागे (इथे 120) एक प्रतिनिधी. संहितेने रद्द केलेल्या तीन केंद्रीय कायद्यांत महाराष्ट्राचा 1971 चा कायदा नाही. म्हणून नव्या नेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: अर्ज कोणत्या कायद्याखाली, आणि आज वर्गणीच्या पावत्या किती? "सगळे आपल्याकडेच आहेत" हे उत्तर नव्हे.

दुसरा प्रश्न चालू कराराचा. कराराची अडीच वर्षं शिल्लक असतील तर नवा नेता आला म्हणून पगाराचा आकडा हलत नाही. मुदतीपर्यंत करार बांधतो, आणि नंतरही रीतसर नोटीस देऊन तो संपवेपर्यंत चालूच राहतो. मुदत संपायला सहा-आठ महिने असताना आणि मागणीपत्र अजून दिलेलं नसताना बदल केला तर त्याला अर्थ असतो. वाटाघाटी ऐन रंगात असताना फूट पडली, तर फायदा फक्त व्यवस्थापनाचा.

मन एकाकडे आणि कायदा दुसऱ्याकडे गेला की काय होतं, ते गिरणगावाने पाहिलं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामगार नेते दत्ता सामंतांमागे गेले, पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली प्रतिनिधी संघटना, म्हणजे बोलणीचा हक्क असलेली, होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. बोलणी कुणाशी करायची, या गाठीशीच सगळं अडलं. पुण्यात 1989 मध्ये टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) कामगार नेते राजन नायर यांच्यामागे मोठा कामगारवर्ग असताना व्यवस्थापनाने करार केला तो दुसऱ्या युनियनशी. शनिवारवाड्यावरचं उपोषण पोलिसांनी मोडलं. गर्दी नायरांकडे होती, करार दुसरीकडे.

पावतीचं काय बघायचं

मान्यतेच्या अर्जात चौकशी अधिकारी सभासद नोंदवही आणि पावत्यांची स्थळप्रत उघडतो. सहा महिन्यांच्या पावत्या एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, लागोपाठ क्रमांकाने आणि दर महिन्याच्या सातच तारखेला फाडलेल्या दिसल्या की समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो. त्यात तुमचंही नाव असतं. म्हणून मागच्या तारखेची पावती घेऊ नका. पावतीवर युनियनचा नोंदणी क्रमांक, महिना, रक्कम आणि घेणाऱ्याची सही असू द्या. दोन्हीकडे वर्गणी भरून दोघांनाही खूश ठेवण्याची युक्ती जवळजवळ प्रत्येक कारखान्यात कुणीतरी करतोच, पडताळणीत नाव दोन्ही नोंदवह्यांत निघतं, चौकशी अधिकारी समोर बसवून "तू नक्की कुणाचा?" विचारतो, आणि मग दोन्ही गटांना कळतं. यापेक्षा सरळ एकाकडे जाणं परवडतं. जुनं सोडणार असाल तर लेखी राजीनामा द्या, पोच घ्या, पगारातून वर्गणी कापली जात असेल तर ती थांबवण्याचा अर्जही त्याच दिवशी द्या.

दोघांना तपासायचं कसं

जुनी युनियन "मॅनेजमेंटची" झाली आहे की नाही, हे चहावरून ठरत नाही. मान्यताप्राप्त युनियनच्या कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांच्या आत व्हावी लागते, ठराव इतिवृत्तात लिहावे लागतात. इतिवृत्त मागा. मागच्या कराराचा मसुदा सही होण्याआधी सर्वसाधारण सभेत वाचला होता का, की फरकाची रक्कम खात्यावर आल्यावरच आकडा कळला? मला ही कसोटी सगळ्यांत भरवशाची वाटते.

नव्या नेत्याचं वेगळं. इतर किती कारखान्यांत त्याचा बोर्ड आहे, आणि त्यातल्या किती ठिकाणी करार झाला? तारखेला कामगार न्यायालयात तो स्वतः येतो की कुणीतरी पोऱ्या? पदाधिकाऱ्यांत कारखान्याबाहेरचे किती? संहितेप्रमाणे ते एक तृतीयांश किंवा पाच, यातलं जे कमी असेल त्याच्या वर चालत नाहीत. आणि संपाची भाषा पहिल्याच सभेत आली तर सावध व्हा: 14 दिवसांच्या नोटिशीशिवाय संप बेकायदा ठरतो, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तरी संहिता त्याला संपच समजते.

बाजू बदलल्यावर

ओव्हरटाइम बंद, कायमची रात्रपाळी, दुसऱ्या प्लांटला बदली हे नेहमीचे प्रकार. युनियन सोडायला किंवा धरायला लावण्यासाठी त्रास देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, पण तक्रार 90 दिवसांत करावी लागते. तारीखवार नोंद ठेवा. बदलीचा आदेश आला तर घरी बसू नका. लेखी निषेध नोंदवून हजर व्हा आणि मग तक्रार करा. हजर न झाल्यास विषय बदलीचा न राहता गैरहजेरीचा होतो. 'संरक्षित कामगार' हे कवच मोजक्या पदाधिकाऱ्यांनाच असतं, एकूण कामगारांच्या एक टक्का, किमान 5 आणि कमाल 100. साध्या सभासदाला ते नाही. सुपरवायझर असून पगार 18,000 च्या वर असेल तर संहितेच्या व्याख्येत तुम्ही कामगारच नाही, तेव्हा उगाच पुढे होऊ नका. ट्रेनी आणि प्रोबेशनवरच्यांनी कन्फर्मेशनचं पत्र हातात येईपर्यंत कुणाच्याच फॉर्मला हात लावू नये. दोन्हीकडचे लोक रुसतात, पण पत्र आल्यावर तेच परत येतात.

फॉर्म भरायचाच ठरला तर तारीख स्वतःच्या हाताने घाला, कोरी जागा रेघ मारून बंद करा, मोबाइलवर फोटो काढा आणि मगच तो परत द्या.